पुढची तारीख

१९२३ च्या कायद्याने बायकांना वकिलीची दारं उघडली. पोराला शाळेतून आणायचं कोणी, यावर तो कायदा मौन बाळगून होता. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. वकील पडली स्वतंत्र व्यावसायिक! पगारच नाही, तर पगारी रजा कसली? स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

बोर्डावर आपलं प्रकरण सतरावं. ते अडीचला पुकारतील की साडेचारला, हे न्यायाधीशांनाही ठाऊक नसतं. पाळणाघरातल्या काकूंना मात्र आदल्या दिवशी कळवावं लागतं. घरच्या अडचणीसाठी वकीलसाहेबांनी तारीख मागितली, तर ‘किती जीव आहे हो मुलांवर!’ मॅडमनी मागितली, की बाररूममध्ये नुसते सुस्कारे.

खरं न्यायालय रात्री भरतं. फिर्यादीचं वय चार.

“काल लवकर येते म्हणाली होतीस. हो की नाही?”

साक्षीदार गप्प.

“उद्या नक्की, बाळा.”

“मागच्या वेळीपण हेच म्हणालीस.”

मुदतवाढ अखेर मिळते. पण दाव्याच्या खर्चापोटी दोन चॉकलेटं, आणि तीही आजच जमा करण्याच्या अटीवर.