घरात गणिती पोट्टं निघाल्यास

भंडारा जिल्ह्यात घरात साप निघाला तर काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओरडायचं नाही, काठी शोधायची नाही, लांबून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला फोन लावायचा. धानाच्या मुलखात ही वेळ दर पावसाळ्यात कुणावर ना कुणावर येतेच. पण घरात गणिती पोट्टं निघालं तर? त्याला ना मित्र, ना हेल्पलाइन. घरची माणसं ओरडतातही आणि काठीही शोधतात. म्हणून ही मार्गदर्शिका. ती फक्त नवशिक्या आईबाबांसाठी आहे. अनुभवी पालक एव्हाना पोट्ट्याला नागपूरच्या क्लासमध्ये टाकून मोकळे झालेले असतात.

लक्षणे

तीसपर्यंतचे पाढे घडाघड म्हणणं हे लक्षण नव्हे. तोंडी भागाकार झटपट करणं हेही नव्हे. तेवढं तुमसरच्या धान बाजारातला कोणताही अडत्या विडा लावता लावता करतो. शाळेत शंभरपैकी शंभर मिळणं हे तर अजिबात नव्हे. उलट अशा लेकरांना कधी कधी बासष्ट मिळतात, कारण पहिल्याच उदाहरणात त्यांना काहीतरी गमतीचं दिसतं आणि घंटा होईपर्यंत ती तिथेच बसून राहतात.

खरं लक्षण एकच. पोट्टं नको तिथे थांबतं आणि नको तो प्रश्न विचारतं. समजा, पाचवीतल्या पोट्टीला घेऊन तुम्ही धान विकायला गेलात. कट्टा चाळीस किलोचा. मोजणारा मात्र काटा बेचाळीसवर गेल्याशिवाय कट्टा खाली उतरवत नाही. ओलावा, घट, बारदाना ही कारणं त्याला तोंडपाठ आहेत आणि तुम्हाला मान डोलवायची सवय आहे. पोट्टी बोटांवर काहीतरी मोजते आणि सगळ्यांच्या देखत म्हणते, "बाबा, मंग वीस कट्ट्यांमागं एक कट्टा फुकटच जाऊन रायला ना जी?"

हिशोब बरोबर आहे. वीस वेळा दोन म्हणजे चाळीस. इथे बहुतेक बाप "चूप बस" म्हणतात. आपल्याकडे गणिताची गोडी अपूर्णांकांनी मारली नसेल तेवढी या दोन शब्दांनी मारली आहे. मोजणाऱ्याशी भांडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, तो व्यवहार तुमचा. पण घरी येताना गाडीवर पोट्टीला एवढं तरी विचारा, की बेचाळीसऐवजी एक्केचाळीस घेतले असते तर किती कट्ट्यांमागे एक गेला असता?

प्रथमोपचार

पाहुण्यांसमोर खेळ लावू नये. "सांग गं, सतरा गुणिले तेवीस?" पोट्टी म्हणेल, तीनशे एक्क्याण्णव. पाहुणे मोबाइल काढून पडताळतील, "वा!" म्हणतील आणि उरलेले पोहे संपवतील. तू ते कसं काढलंस, असं कुणीही विचारणार नाही. खरी मजा तर तिथेच होती. तिने गुणाकार केलाच नव्हता. सतरा आणि तेवीस हे दोघेही वीसपासून तीन-तीन पावलांवर उभे आहेत, हे तिला दिसलं. वीसचा वर्ग चारशे, तीनचा वर्ग नऊ, चारशेतून नऊ गेले. मग एकोणीस गुणिले एकवीस? अठ्ठावीस गुणिले बत्तीस? अर्धा तास छान गेला असता. तो पाहुण्यांच्या टाळ्यांत गेला.

दुसरी गोष्ट, तिला लगेच पळवू नये. सहावीला आठवीचं पुस्तक आणि आठवीला अकरावीचं, हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्याचं नाव फाउंडेशन. आता गंमत बघा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये जगभरातली तल्लख पोरं दोन दिवस बसतात. रोज साडेचार तास आणि रोज फक्त तीन उदाहरणं. म्हणजे एका उदाहरणाला दीड तास! त्यात कलनशास्त्र लागत नाही. संख्या सिद्धांत, भूमिती, बीजगणित आणि मोजण्याच्या युक्त्या एवढ्यावर सगळं चालतं. आणि आपले क्लास दीड मिनिटात एक प्रश्न उडवायला शिकवतात. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षा द्याव्यात, त्यांनी शाळेची आणि पैशाची सोय होते. भारतातलं ऑलिंपियाडचं काम मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं, तिथल्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. पण पोट्टीला घड्याळ लावून त्या सोडवायला बसवायचं असेल, तर न मिळवलेल्या बऱ्या.

साहित्य

एक भिंत, काळा रंग, खडू आणि एक मामा.

हे विनोदाने लिहिलेलं नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर लहान होते तेव्हा बनारसच्या त्यांच्या घरात भिंतीवर फळा होता. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. म्हणजे घरात गणिताची काही कमी नव्हती. तरीही लक्षात ठेवण्यासारखं काम केलं ते मामाने. मोरेश्वर हुजूरबाजार, घरचे मोरूमामा, एम.एस्सी. करायला बनारसला येऊन बहिणीकडे राहिले होते. ते फळ्यावर भाच्याच्या नावाने एक आव्हानाचं कोडं लिहून ठेवत. सोडवून दाखव, असा तगादा नाही, आणि उत्तर सांगायची घाईही नाही. भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हात टेकेपर्यंत कोडं फळ्यावर तसंच राही. येता-जाता ते दिसत राही.

यावरून फळा लावला की पोट्टं केंब्रिजला रँग्लर होतं, असा निष्कर्ष कृपया काढू नये. निष्कर्ष एवढाच, की प्रश्नाला घरात राहायला जागा द्यावी. आपल्याकडचे मामा लग्नात भेटतात आणि "किती टक्के पडले?" एवढंच विचारतात. अशा मामाला खडू द्यावा. मामा नसेल तर शाळेतले सर, नुकताच बी.एस्सी. झालेला शेजारचा भाऊ किंवा रिटायर झालेले पोस्टमास्तर, कुणीही चालेल. अट एकच: त्याच्या तोंडून उत्तर पटकन निघता कामा नये.

पहिला प्रयोग: वजाबाकी

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वजा झाला. तेव्हा वजाबाकीसाठी १९९९ हाच आकडा घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९९९१. चढत्या क्रमाने मांडा, १९९९. वजा करा, ७९९२ येतात. आता त्याचं तेच करा. ९९७२ वजा २७९९, ७१७३. ७७३१ वजा १३७७, ६३५४. ६५४३ वजा ३४५६, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा केलं तर? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी आता तिथून हलत नाही.

चारही अंक सारखे नसतील असा कोणताही चार अंकी आकडा घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तो ६१७४ वर येऊन बसतो. हे १९४९ साली शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली मोठी पदवी नाही, त्यामुळे बऱ्याच विद्वानांनी त्यांच्याकडे कौतुकाने कमी आणि गमतीने जास्त पाहिलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्याला कळलं की आपल्याकडे असा एक माणूस आहे. ही आपली जुनी पद्धत.

पोट्टी आता विचारेल, "काहून?" इथे नवशिक्या पालकाची खरी परीक्षा असते. "मोठी झालीस की कळेल" असं म्हणू नये. "मलेही नाही माहीत, पाहू" असं म्हणावं, आणि पाहावं. तीन अंकी आकड्याचं काय होतं? दोन अंकी? दोन अंकी आकडे कुठेच बसत नाहीत. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे गोल फिरत राहतात. आणि हे सगळे नऊच्याच पाढ्यातले कसे, हे पोट्टी तुमच्याआधी ओळखेल. ओळखू द्यावं.

दुसरा प्रयोग: धुऱ्यावरचं भूत

धानाची बांधी चौकोनी आहे पण वाकडी आहे. चारही धुरे मोजले. क्षेत्रफळ किती? जुना ठोकताळा असा: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करा. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताला हा ठोकताळा माहीत होता, आणि तो फक्त ढोबळ आहे हेही त्याने सांगून ठेवलं होतं.

खराट्याच्या सारख्या मापाच्या चार काड्या घ्या, दहा-दहा सेंटिमीटरच्या. टोकं दोऱ्याने बांधा. चौरस झाला, क्षेत्रफळ शंभर. आता दोन समोरासमोरची टोकं हलकेच ओढा. चौरस लवंडतो, सपाट होत जातो, शेवटी काड्या एकमेकींवर निजतात आणि क्षेत्रफळ शून्यावर येतं. बाजू त्याच आहेत आणि ठोकताळा अजूनही शंभरच म्हणतो आहे. म्हणजे चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही! हे पोट्टीच्या हातात घडू द्या, तुम्ही सांगू नका. हा ठोकताळा खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवत नाही, म्हणून जमीन विकणाऱ्याला तो फार आवडतो, हे तिला थोडं मोठं झाल्यावर सांगावं.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत याच मुद्द्यावर खडसावलं आहे. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ. गणिताच्या पुस्तकात भूत निघालेलं पोट्टीला भारी आवडेल. पुढच्या वेळी असा चौकोन परीक्षेत आला तर "सर, कर्ण?" असं विचारायला तिला सांगून ठेवा. सर खरे असतील तर खूश होतील.

तिसरा प्रयोग: तेहेतीस दरवाजे

पावसाळ्यात गोसीखुर्दचे किती दरवाजे किती मीटरने उघडले, ही बातमी वैनगंगेकाठी जीव मुठीत धरून ऐकली जाते. धरणाला तेहेतीस दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजा उघडा किंवा बंद, एवढंच धरलं तर धरण किती वेगवेगळ्या प्रकारांनी दिसू शकेल? तुम्ही म्हणाल, तेहेतीस दुणे सहासष्ट. पोट्टीला एका दरवाज्यापासून सुरू करू द्या. एकाचे दोन प्रकार, दोघांचे चार, तिघांचे आठ. दर नव्या दरवाज्याला आकडा दुप्पट होतो. तेहेतिसाव्याला तो ८ अब्ज ५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९२ होतो. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एकेक प्रकार वाटला तरी काही कोटी उरतील.

याच धरणाचा खर्च मुळात सुमारे ३७२ कोटी धरला होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. ही वाढ सरळव्याजाने झाली की चक्रवाढीने, असं पोट्टीने विचारलं तर मात्र "चूप बस" म्हटलेलं क्षम्य आहे.

नेहमीच्या शंका

"आम्हाले गणित येत नाही, आम्ही का शिकवू?" शिकवायचं नाहीच. आजीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी येत असेल तर तिला नातीसमोर बसवा. अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली ती शेवटची पिढी आहे. आजोबांना विचारा, खंडीत किती कुडव आणि कुडवात किती पायल्या, आणि शेजारच्या गावात माप वेगळं का.

"पोट्टीले इतकं गणित कशाले?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मंगला नारळीकरांचं नाव सांगावं. संसार आणि मुली सांभाळत त्यांनी १९८१ साली गणितात पीएच.डी. केली, आणि पुढे मराठीत पोरांसाठी 'गणितगप्पा' लिहिल्या. ते पुस्तक घरात असू द्या. रोवणीच्या दिवसांत तिला शाळा बुडवून बांधीत नेणार असाल, तर निदान एका ओळीत किती चूड लागले हे मोजायला तरी तिला मोकळी सोडा.

"आणि तिने गणित सोडून दिलं तर?" तर दिलं. काही लेकरं दोन वर्षं आकड्यांच्या मागे असतात आणि मग कबड्डीच्या मागे लागतात. भिंतीवरचा काळा रंग वाया जात नाही, दुधाचा हिशोब लिहिता येतो.

आता एक काम पालकांसाठी. गोसीखुर्दचे शेजारशेजारचे दोन दरवाजे एकाच वेळी कधीही उघडायचे नाहीत, असा नियम केला असं समजा. मग तेहेतीस दरवाज्यांचे प्रकार किती उरतील? एका दरवाज्याचे दोन, दोन दरवाज्यांचे तीन, तीन दरवाज्यांचे पाच. चार दरवाज्यांचे किती, ते आज रात्री जेवण झाल्यावर स्वतः मांडून बघा. पोट्टीला विचारायचं नाही, आणि तिने सांगितलं तरी ऐकायचं नाही.