छंद जोपासावा कसा? (हात न लावता)

लग्नाच्या बायोडेटात ‘छंद’ या रकान्यापुढे ‘वाचन, प्रवास, संगीत’ एवढं लिहिलं की एके काळी भागत असे. वाचन म्हणजे बसमध्ये पेपर, प्रवास म्हणजे तीच बस आणि संगीत म्हणजे शेजारच्यांचा रेडिओ, हे समोरच्या मंडळींनाही ठाऊक असे, कारण त्यांच्याही कागदावर तेच असे. आता तसं चालत नाही. आता छंद दिसावा लागतो. त्याला सामान लागतं, सामानाला बॅग लागते आणि बॅगेसकट फोटो लागतात. एवढं सगळं केल्यावर प्रत्यक्ष छंदाला वेळ उरत नाही, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. तर नवशिक्यांनी पुढील सूचना पाळाव्यात.

१. निवड करताना आवड बघू नका, सामान बघा.

पोहायला एक चड्डी आणि एक चष्मा पुरतो, म्हणून पोहणं बाद. बुद्धिबळात तर हरजीत होते, म्हणजे तुम्हाला येतं की नाही हे अर्ध्या तासात जगाला कळतं. बागकाम दिसायला निरुपद्रवी, पण झाडं मरतात आणि सोसायटीतले सगळे ती मरताना बघतात. जलरंग, पक्षिनिरीक्षण, शाईचं पेन हे उत्तम छंद. खरेदी भरपूर, पुरावा शून्य.

२. जलरंगापासून सुरुवात करा.

पात्रता: शाळेत एलिमेंटरीला कुठलीही ग्रेड. परीक्षेला नुसतं बसला असलात तरी चालेल.

आधी अप्पा बळवंत चौक गाठा. मुंबईकरांनी अब्दुल रहमान स्ट्रीट. तिथे उंट छाप रंगाची पेटी मागू नका. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून धंदा सुरू केला आणि पुढे त्याच कंपनीच्या रंगांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक नारळाचं झाड काढलं. तुम्हालाही तेवढंच येतं. नेमकं म्हणूनच तुम्हाला परदेशी ट्यूब हव्यात.

मग कागद. ‘तीनशे जीएसएम, कोल्ड प्रेस्ड, शंभर टक्के कॉटन’ हे काउंटरवर एका दमात म्हणता आलं पाहिजे; घरी आरशासमोर सराव करा. साधा कागद पाण्याने पोपडतो, हा मात्र पाणी पिऊनही सपाट राहतो, असं दुकानदार सांगेल. खरं आहे. पण या कागदाचा त्याहून मोठा गुण तो सांगणार नाही. एका तावाची किंमत ऐकल्यावर त्यावर पहिला फराटा मारायची तुमची कधीच हिंमत होत नाही. साध्या वहीत माणूस चुकून चार चित्रं काढून बसतो. चांगल्या कागदावर तो धोका नाही.

ब्रश कोलिन्स्कीचा घ्या. थंड मुलखातल्या एका विझलच्या शेपटीचे केस असतात ते. त्या प्राण्याने एवढा त्याग केला तो भलत्यासलत्या चित्रासाठी नव्हे, याचं भान ठेवून ब्रश टोपणातच राहू द्या.

आता रंगांचा तक्ता करा. एकसारखे चौकोन आखून प्रत्येकात एकेक रंग भरायचा आणि खाली सुवाच्य अक्षरात नाव लिहायचं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून सुंदर करडा होतो, तोही एका चौकोनात दाखवा. हे काम महिनोन्महिने चालतं आणि बघणाऱ्याला हुबेहूब चित्रकलेसारखं वाटतं. नवी ट्यूब आली की तक्ता पहिल्यापासून.

शेवटी एकदा मेणवलीला जाऊन या. नाना फडणवीसांचा घाट, कृष्णेचं पाणी, पिंपळाची सावली. महाराष्ट्रात जलरंगात हात बुडवलेल्या प्रत्येकाने तो घाट काढलेला आहे, त्यामुळे तुम्ही काढला नाहीत तर नदीचं काही बिघडणार नाही. स्टूल उघडा, फळी लावा, फोटो घ्या. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे देवळात टांगलेली आहे, ती सोबतच्यांना दाखवा. माहिती देणाऱ्याला कुणी चित्र दाखव म्हणत नाही. ऊन चढलं की ‘लाइट गेला’ म्हणा आणि वाईत जेवायला चला.

३. पक्षिनिरीक्षण हे धीटांचं काम आहे, पण पक्ष्यांशी त्याचा फार संबंध नाही.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. जाणकार हीच वापरतात. तुम्ही १०×५० घ्या. ती जड असते, तिच्यातून बघताना हाताचा कंप जास्त जाणवतो, आणि त्यामुळे काहीच नीट न दिसल्याचं कारण आयतं हाताशी राहतं. सालिम अलींचं १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक जवळ असू द्या. नवंकोरं नको, जुन्या बाजारातलं, कोपरे दुमडलेलं.

हिवाळ्यात भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यात रोहित बघा. गुलाबी, उंच आणि घोळक्याने उभा राहणारा हा पक्षी ओळखण्यात चूक होऊ शकत नाही. खरी कसोटी सोसायटीच्या आवारात लागते. फांदीवर काहीतरी बारीक, मळकट, पिवळसर हललं आणि सगळे तुमच्याकडे बघू लागले, तर गडबडू नका. शांतपणे म्हणा, ‘शिंजीर. मादी असावी.’ कुणी हुशारी करून छातीवरची काळी रेघ दाखवलीच, तर म्हणा, ‘मग नर. विणीचा हंगाम सरलेला दिसतोय.’ जांभळ्या शिंजीराचा नर हंगामाबाहेर खरोखरच मादीसारखा दिसतो. निसर्गाने अज्ञानी माणसाची इतकी काळजी क्वचितच घेतलेली आहे.

४. संगीत.

‘सध्या काय चालू आहे?’ या प्रश्नाचं एकच उत्तर: भूप. नवशिक्याला पहिल्यांदा भूप शिकवतात आणि थोरामोठ्यांनी जन्मभर तो गाऊन संपवलेला नाही. तुम्ही नेमके कुठे आहात हे त्यामुळे कुणालाच कळत नाही. गाऊन दाखवायचा आग्रह झाला तर घशाकडे हात न्या.

५. लेखन.

महागाचं पेन, जाड वही, पहिल्या पानावर तारीख. वही खराब होईल म्हणून पुढची पानं कोरी ठेवणं क्षम्य आहे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची परंपरा चालू आहे आणि तुमची कथा तेव्हापासूनच डोक्यात तयार आहे, असा चेहरा ठेवा. पावसाळ्यात ‘अंकाचं काम आहे’ म्हटलं की भाजी आणायचं टळतं. दिवाळीनंतर ‘संपादकांना झेपली नाही’ म्हणा.

६. घरच्यांचा बंदोबस्त.

हा भाग सर्वांत अवघड, आणि इथे आमची तुम्हाला मनापासून सहानुभूती आहे. किंमत विचारली तर कधीही खोटं बोलू नका. फक्त जो आकडा सांगाल तो एकाच ट्यूबचा सांगा. ‘सेलमध्ये होतं’ हे वाक्य वर्षातून चारदा चालतं. ‘मुलांसाठी घेतलं’ हेही चालतं, पण मग मुलं रंगांना हात लावतात, पंजे भिंतीवर उमटवतात आणि संध्याकाळपर्यंत घरात तुमच्याहून जास्त चित्रं होतात. आई ‘ती पेटी, तो कॅमेरा, ते गिटार माळ्यावर आहे ना, आधी ते काढ’ असं म्हणाली, तर वाद घालू नका. तिने माळा स्वतः आवरलेला असतो. पुराव्यानिशी बोलणाऱ्यापुढे गप्प बसावं.

७. छंद बदलणे.

छंद कधीही ‘सोडला’ म्हणू नका. ‘ब्रेक घेतलाय’ म्हणा. सामान विकायला काढलंत, तर ‘एकदाच वापरलेलं’ असं लिहून भाव खाऊ नका. ‘न वापरलेलं’ हेच खरं आहे आणि त्याला दोन पैसे जास्त मिळतात.

८. धोक्याची सूचना.

क्वचित एखाद्याला असा त्रास होतो की रात्री सगळे झोपल्यावर तो मुलांच्या चित्रकलेच्या वहीत, मुलांच्याच रंगांनी, खिडकीतली पाण्याची टाकी काढत बसतो. टाकी वाकडी येते. तो दुसरी काढतो. फोटो काढायचं त्याच्या लक्षातही राहत नाही आणि सकाळी ऑफिसला उशीर होतो. अशी लक्षणं दिसली तर ही मार्गदर्शिका तुमच्या काही कामाची नाही. ती ओळखीतल्या एखाद्या होतकरू माणसाला द्या, आणि तुमच्याकडचा कोरा कागद आम्हाला निम्म्या किमतीत विका.