मोठं घर, दोनच वासे

संख्या लांबलचक दिसली की माणूस आधी तिच्या लांबीलाच नमस्कार करतो. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हे एकवीस अंकी स्थळ पाहा. बायोडेटा भरगच्च आहे: १ ते ९ सगळे अंक हजर, शून्याचा डाग नाही, अंकांची बेरीज १०९ आणि तीही मूळ संख्या! पण हे सगळे अंगावरचे गुण, अंगचे नव्हेत. आपल्या हाताला बोटं दहा, म्हणून आपण संख्येला दशमान पद्धतीचा शालू नेसवला. द्विमान पद्धतीत लिहिली, तर हीच संख्या म्हणजे सलग सदुसष्ट एक्के. बेरीज १०९ वरून ६७ वर येते आणि थाट उतरतो. विभाजक मात्र कुठल्याही पोशाखात तेच राहतात. म्हणून संख्येचं कूळ बघायचं तर अंक मोजू नयेत, विभाजक शोधावेत.

ते सोपं नसतं, याला हीच संख्या साक्ष आहे. ती म्हणजे दोनचा सदुसष्टावा घात वजा एक. १६४४ साली मरीन मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं. १८७६ साली एदुआर ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचं सिद्ध केलं, पण त्या संयुक्त कुटुंबात माणसं कोण, हे त्यांच्या रीतीतून कळत नव्हतं. म्हणजे 'घराण्यात काहीतरी आहे' एवढंच. गावातल्या कुजबुजीसारखं, फक्त इथे कुजबुज सिद्ध झालेली! १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी ती माणसं पुढे उभी केली: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्यांनी फळ्यावर अवाक्षर न काढता हा गुणाकार केला आणि शोधाला तीन वर्षांचे रविवार लागल्याचं पुढे सांगितलं, अशी गोष्ट आहे.

यावर कोणी देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा दाखला देईल. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटलं. तो हर्ष खोटा का? मुळीच नाही. पण २७ दशमानात हर्षद, तर द्विमानात ११०११ होऊन बेरीज ४ आणि हर्ष मावळला. शालूचं कौतुक जरूर करावं, फक्त त्यावरून कुळाचा दाखला देऊ नये. दुसरा आक्षेप असा, की कोल यांचे रविवार आज संगणक चुटकीसरशी उरकतो. खरं आहे, पण एकवीस अंकांपुरतं. इंटरनेटवरच्या व्यवहारांची अनेक कुलुपं ६१७ अंकी संख्यांवर चालतात. त्या दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असतात; गुणाकार क्षणाचा, उलटा शोध मात्र आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचा. 'मोठं घर पोकळ वासा' ही म्हण इथे लागू पडत नाही. घर मोठं, वासे दोनच, पण दोन्ही भरीव. आणि ते कुठे आहेत हे घरमालकाखेरीज कुणाला सापडत नाही, म्हणूनच तर घर शाबूत आहे.