ज्याचा त्याचा टमाटा

पिंपळगाव बसवंतात कोणी कोणाचं बघून टमाटा लावत नाही. जो तो स्वतःच्या डोक्यानं लावतो. ही सगळी डोकी एकाच आठवड्यात एकाच रोपवाटिकेच्या दारात भेटतात आणि 'अरे, तू पण?' म्हणतात, तो निव्वळ योगायोग.

2023 चा योगायोग तर जंगी होता. उन्हाळ्यात टमाट्याचं गाडीभाडंही सुटेना. लोकांनी उभ्या प्लॉटात जनावरं सोडली. त्यामुळे जुलैत माल कुठेच नाही, आणि 20 किलोचं कॅरेट 2000 रुपयांच्या घरात गेलं. बर्गरमधून टोमॅटो गायब झाला, केंद्र सरकारनं नेपाळहून आणायचं ठरवलं, जुन्नरकडचा एक शेतकरी टमाट्यावर करोडपती झाल्याची बातमी फिरली. ती बातमी निफाड, दिंडोरी, चांदवडात प्रत्येकानं एकट्यानंच वाचली असावी, कारण जो तो ती पोटात ठेवून हिंडत होता.

आमचे दाजी रोपवाल्याच्या कानाशी लागले. "कोणाला बोलू नका, पण आपल्या नावावर टमाट्याची रोपं धरून ठेवा." रोपवाल्यानं वही उघडली. पान वरपासून खालपर्यंत भरलेलं, त्यात अर्धी नावं आमच्याच भाऊबंदांची. त्यानं त्यावर हळूच पंजा ठेवला, समासात दाजींचं नाव घातलं आणि तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "दाजी, इथली गोष्ट इथंच." खोटं काहीच बोलला नाही बिचारा. सगळ्यांची गोष्ट तिथंच तर होती.

लागवडीनंतर टमाटा तोडणीला यायला दोन-अडीच महिने लागतात. भावाला एवढा दम कुठला! सप्टेंबरात कॅरेट शंभराच्या आसपास आलं. लिलावात व्यापारी वरचंच एक फळ उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, तोंड वाकडं करून भाव पुकारायचा. त्याच्या शेजारच्याचंही तोंड लगेच तेवढंच वाकडं. व्यापारीसुद्धा ज्याच्या त्याच्या डोक्यानंच चालतात.

मॉर्डेकाय इझेकील नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1938 साली याच खेळावर लेख लिहिला. सरल्या हंगामाचा भाव बघून पेरायचं, त्यामुळे माल वाढून भाव पडायचा, पडलेला बघून पुढच्या वेळी हात आखडायचा, की भाव पुन्हा वर. आलेखावर या रेघांचं कोळ्याचं जाळं होतं, म्हणून सिद्धांतालाही तेच नाव. मी हे दाजींना समजावलं. त्यांनी तंबाखू मळत पूर्ण ऐकलं.

"म्हणजे चार लोक करतील त्याच्या उलट करायचं," ते म्हणाले, आणि मिरचीची रोपं सांगायला निघाले. रोपवाल्यानं वही उघडली. मिरचीचं पान भरलेलं होतं. उलट जाणारे सगळे सकाळीच येऊन गेले होते.

तेव्हा वाचकहो, यंदा काय लावणार ते कोणालाही सांगू नका. मला तेवढं कळवा. इथली गोष्ट इथंच राहील.