साडेपाच हजार वॅटचा गृहस्थ

मिनेसोटात जानेवारीच्या थंडीत, कानटोपी आणि हातमोजे घालून, अंगणात प्रोपेनच्या शेगडीवर भलंमोठं पातेलं ढवळणारा माणूस दिसला तर तो घरी बिअर करणारा समजावा. शेगडी गॅरेजात घेऊन दार लावलं तर कार्बन मोनॉक्साइडची भीती. त्यामुळे एक दिवस तो जाहीर करतो, "आता आपण विजेवर जायचं." घरचे "बरं" म्हणतात आणि तिथेच फसतात.

तोवर त्याला बिअरमध्ये रस असतो. आता तो विजेच्या कंट्रोल पॅनेलचा होतो.

अमेरिकेत साध्या प्लगला 120 व्होल्ट. त्यावर बिअरसाठीचा पंचवीस लिटर माल्टचा रस 67 अंशांवरून उकळीला यायला पाऊण तास सहज जातो. गृहस्थाला हवं असतं 5500 वॅटचं एलिमेंट; त्याला 240 व्होल्ट आणि 23 अँपिअर लागतात. एवढी वीज हाताशी असते ती बहुधा कपडे वाळवायच्या यंत्राच्या प्लगला. बिअरचा वार शनिवार. धुण्याचाही शनिवारच.

"अजून किती वेळ?" ओल्या चादरींची बादली घेऊन बायको दारात.

"उकळी आली की फक्त एक तास."

हा 'फक्त' कोणी मनावर घेऊ नये. त्या तासात तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते आणि गॅरेजच्या छतावरून ठिबकू लागते. झाकण ठेवावं, तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येण्याचा धोका. मग एक्झॉस्ट फॅन येतो, त्याचा पाइप येतो, भिंतीला भोक पडतं.

एका बाबतीत मात्र त्याला हसू नये. पाणी आणि 240 व्होल्ट शेजारी नांदवायचे, म्हणून पाच-सहा मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर तो बसवतोच. तोही हॉट टबसाठी मिळणाऱ्या तयार डब्यातला, कारण नुसत्या ब्रेकरपेक्षा तो डबाच पुष्कळदा स्वस्त पडतो. ही काटकसर तो पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पॅनेलवरच्या किल्लीच्या स्विचला आणि लाल-हिरव्या दिव्यांना किती पडले, हे सांगत नाही.

अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या 14 ऑक्टोबर 1978 च्या सहीने. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत मात्र त्यासाठी 2013 उजाडावं लागलं. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरांची मुभा आहे. आपला गृहस्थ तिच्या जवळपासही पोचत नाही. निम्मे शनिवार वायरिंग बदलण्यात जातात.

आपल्याकडे प्रत्येक प्लगला 230 व्होल्ट असतात, म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. अमेरिकेतल्या भाच्याकडे गेलात आणि त्याने गॅरेजचं दार उघडलं, तर आधी पॅनेलचं कौतुक करा. बिअर त्यानंतरच मिळते.