रागवायला हक्काचं माणूस

सोसायटीची देखभाल करणारी कंपनी बदलायची, या ठरावाला सहसा कुणी विरोध करत नाही. एरवी जिन्यातल्या कुंड्या हलवायच्या म्हटलं तरी दोन तट पडतात. पण जुनी कंपनी वाईट होती, यावर ए विंग आणि बी विंग एकत्र येतात. वाद सुरू होतो तो ती नेमकी कशात वाईट होती, यावरून. वरच्या मजल्यांच्या मते तिला पाण्याचं काही कळत नव्हतं, तळमजल्याच्या मते पार्किंगचं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हाऊसकीपिंगची माणसं उद्धट वाटत, ज्यांच्या घरी नाही त्यांना तीच माणसं जरा जास्तच सोशिक वाटत.

नव्या कंपनीकडून अपेक्षा मात्र सगळ्यांच्या सारख्याच असतात. दर कमी हवा, जिना दोनदा पुसला जावा, आणि वॉचमनने आपल्या पाहुण्यांना अडवू नये, दुसऱ्यांच्या पाहुण्यांना सोडू नये.

मग विशेष सर्वसाधारण सभा. आदर्श उपविधींप्रमाणे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं गणपूर्तीला लागतात. ती कधीच जमत नाहीत. सूचनेत आधीच छापून ठेवल्याप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर, कायदेशीर ठरतात. खरी सभा त्या अर्ध्या तासात होते. पुढे होतं ते इतिवृत्त.

कंपन्यांचे प्रतिनिधी लॅपटॉप घेऊन येतात. भिंतीवर कारंज्यांच्या इमारती दिसू लागतात. आमच्याकडे कारंजं नाही. आमचा प्रश्न असतो, गच्चीचं कुलूप रात्री कोण लावणार? त्यावर एक ॲप दाखवलं जातं. तक्रार ॲपवर टाकायची, ती ठरावीक वेळेत आपोआप निकाली निघते. नळ गळत राहतो, तक्रार मात्र बंद होते. आमच्याच मागच्या ॲपचा हा अनुभव असल्यामुळे सभागृहात फारसा उत्साह दिसत नाही.

पुढे कोटेशनचे लिफाफे फुटतात आणि सर्वांत कमी दराकडे माना वळतात. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. स्वस्त गोष्टीकडे ते संशयानेच बघतात. त्यांनी साधा हिशेब मांडला. 18 टक्के जीएसटी सगळ्यांनाच आहे. फिनेल आणि झाडू यांच्या भावात फार फरक पडत नाही. मग हा दर खाली आला कुठून? उरतं ते माणसाचं वेतन, त्याचा पीएफ, ईएसआय आणि साप्ताहिक सुट्टीला द्यायचा बदली माणूस. म्हणजे आपली बचत निघते ती वॉचमनच्या खिशातून, आणि बारा तासांच्या पाळीत मध्यरात्री त्याचा डोळा लागला की आपण त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी विचारलं, ‘‘पण आपला वॉचमन राहणार ना?’’

राहणारच होता. कंपनी बदलली तरी वॉचमन बहुधा तोच राहतो, शर्टाचा रंग तेवढा बदलतो. कुणाचं कुरिअर कुठे ठेवायचं, कुठल्या आजींना लिफ्टपर्यंत पिशवी नेऊन द्यायची, हे त्याला ठाऊक असतं आणि कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. मग आपण बदलतो तरी काय? मला वाटतं, रागवायला हक्काचं माणूस.

सहकारी गृहनिर्माणाची मूळ कल्पना शेजाऱ्यांनीच मिळून घर सांभाळायची होती. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सोसायटी 1915 साली उभी राहिली ती याच कल्पनेवर. लिफ्टचा खर्च वापरणाऱ्यांनी आणि न वापरणाऱ्यांनी सारखाच द्यायचा, हा उपविधींतला नियमही त्यातलाच. आमच्या तळमजल्यावरचे आजोबा दर वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले की त्याचा निषेध नोंदवतात आणि पैसे वेळेवर भरतात. सहकार म्हणतात तो हाच असावा.

पण ‘‘तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून येतं’’ हे वाक्य शेजाऱ्याला तोंडावर सांगणं अवघड. संक्रांतीला त्याच दारात तिळगूळ द्यायचा असतो. मॅनेजरला मात्र ते मोठ्याने सांगता येतं. मेंटेनन्समधला बराच भाग आपण संबंध बिघडू नयेत म्हणून भरत असतो. तो भरूनही सुटका नाहीच. अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र जानेवारी-जुलैत द्यायचं ते सोसायटीने. दोन फ्लॅटमधली गळती निस्तरायची ती त्या दोन सभासदांनी. जबाबदारी बाहेर देता येत नाही, फक्त चिडचिड देता येते.

आम्ही निवडलेल्या कंपनीच्या माणसाकडे लॅपटॉप होता, पण तो त्याने उघडला नाही. बी विंगच्या तिसऱ्या मजल्याने छताची गळती काढली तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, प्लंबर मी आणतो. पण वरच्या साहेबांशी तुम्हालाच बसायला लागेल.’’ एवढं खरं ऐकायची सभेला सवय नव्हती. ठरावाचे सूचक झाले बी विंगचा तिसरा मजला आणि अनुमोदक चौथा. त्या दोघांत कित्येक महिने फक्त सेक्रेटरींमार्फत पत्रव्यवहार होता.

गळती अजून थांबलेली नाही. ती शोधायला फरशी उकरावी लागणार आहे, आणि नवी फरशी कुणाच्या पैशाने व कुठल्या रंगाची, यावर दोघांची आता रोज संध्याकाळी गेटपाशी समोरासमोर चर्चा चालते. मॅनेजर बाजूला उभा राहून ऐकतो. त्याला कुणी रागवत नाही, आणि करारातल्या या त्रुटीबद्दल अजून कुणी तक्रारही केलेली नाही.