जॉइंट 'व'वर येतोय

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय 'ब' वर्गातलं आहे, पण त्याची पाटी गेली काही वर्षं कुठल्याच वर्गात बसत नव्हती. पुस्तकांना कसर लागते तसा पत्र्याला गंज लागला होता, आणि गंजाने 'ग्रंथ' जवळजवळ संपवून 'संग्रहालया'त प्रवेश केला होता. शेवटी कार्यकारिणीच्या सभेत नवी पाटी करायचा ठराव आला. एका तरुण सदस्याने फ्लेक्स सुचवला. अध्यक्ष म्हणाले, "फ्लेक्सवर वाढदिवस करतात, वाचनालय नाही." फ्लेक्स तिथेच बारगळला.

सनबोर्ड मंजूर झाला तो मुख्यतः वाळवी तो खात नाही म्हणून. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फेस. वरून गुळगुळीत कडक साल, आत पावासारखं बारीक जाळं. वजनाला हलका, पाण्याने कुजत नाही, कटरने कापता येतो. पण शीट येते आठ बाय चारची, आणि दारावरची आमची चौकट बारा बाय दोनची. म्हणजे जोड आलाच. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेतून निवृत्त झालोय आणि फाटकी पुस्तकं घरी नेऊन बांधून आणतो. "तुमचा हात चांगला आहे," असं सभेत कोणी म्हणालं की समजावं, काम फुकट करून हवं आहे.

अक्षरं कापायला गेलो पेंटरकडे. त्याला अख्खं गाव पेंटर म्हणतं, पण गेल्या पंधरा वर्षांत त्याने ब्रश हातात धरलेला मी पाहिलेला नाही. दुकानात एक काँप्युटर, एक कापायचं मशीन आणि भिंतीला टेकून उभ्या शीटा. त्याने मजकूर पडद्यावर घेतला आणि खजिनदारांच्या सूचनेप्रमाणे आठ अधिक चार अशी रेघ मारली. खजिनदारांचा हिशोब असा, की एकाच शीटमधून आठ फुटांची एक आणि चार फुटांची एक पट्टी निघते आणि चार बाय दोनचा तुकडा सूचनाफलकाला उरतो.

"काका, हे नाही जमणार," पेंटर म्हणाला. "जॉइंट 'ग्रंथ' आणि 'सं'च्या मधे येतोय. शिरोरेघ कापली जाईल."

मी इतकी वर्षं मराठी वाचतोय, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इंग्रजी अक्षरं बसस्टँडवरच्या माणसांसारखी सुटी उभी असतात. दोघांच्या मधून कुठूनही वाट काढा. आपली अक्षरं एकाच दांडीवर वाळत घातलेली. दांडी तोडल्याशिवाय मधून जाता येत नाही. मोकळी जागा मिळते ती फक्त दोन शब्दांच्या मधे. 'सार्वजनिक' हा शब्द वरच्या ओळीत बारीक अक्षरांत गेला होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वाचनालय व ग्रंथसंग्रहालय'. पेंटरने सहा अधिक सहाची रेघ मारून पाहिली.

"आता जॉइंट 'व'वर येतोय."

हे मी सभेत सांगितलं तेव्हा खजिनदारांना उरणाऱ्या तुकड्याचं दुःख झालं (आता दोन बाय दोनचे दोन उरणार, त्यांचं करायचं काय?), तर मराठीच्या निवृत्त मास्तरांना वेगळीच संधी दिसली. 'व' मुळात फारसीतून आलेला आहे, तो काढून 'आणि' घाला, म्हणाले. 'आणि'ला वीतभर जागा जास्त लागते, हे पेंटरच्या काँप्युटरवर सिद्ध झाल्यावर फारसी टिकली. मग अख्खा मजकूर दीड इंच डावीकडे सरकवला आणि जोड 'व'च्या पुढच्या मोकळ्या जागेत बसवला. जोडायचं काम करणाऱ्या अक्षराच्या शेजारीच जोड आला, यावर अध्यक्षांनी एक छोटं भाषण केलं. ते इथे देत नाही.

चिकटवण्याच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होतो. पुस्तकबांधणीला मी अजून खळ करतो. मैदा पाण्यात शिजवायचा, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. लहानपणी पतंगाला भाताचं शीत चालायचं. आमच्या आळीतले सुतार डब्यात सरस उकळायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या त्या गोंदाला 'सरस' हे नाव कोणी दिलं असेल, त्याने तो वास घेतलेला नसावा. १९५९ साली फेविकॉल आला, हळूहळू सुतारांच्या चुली विझल्या, आणि पुढे चिकटवणं याला ते एकच नाव उरलं. मीही तेच आणलं. दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या, मागून सहा इंच रुंदीची सनबोर्डचीच पट्टी भरपूर पांढरा गोंद लावून बसवली आणि वर ज्ञानकोशाचे खंड ठेवले.

तिसऱ्या दिवशी खंड उचलले. पट्टी हाताबरोबर वर आली. खाली मधोमध गोंद दुधासारखा ओला.

दोष गोंदाचा नव्हता. पांढऱ्या गोंदातलं पाणी जाईल तेव्हा तो धरतो, आणि लाकूड ते पाणी पिऊन घेतं. प्लॅस्टिकची साल पाणी पीत नाही. दोन सालींच्या मधे सापडलेलं पाणी जाणार कुठे? कडेचा बोटभर भाग तेवढा वाळला होता.

पेंटरने सनमायकाला वापरतात तो रबराचा पिवळा गोंद दिला, आणि तो वापरायची रीत सांगितली ती ऐकून मला वाटलं हा चेष्टा करतोय. आधी दोन्ही बाजूंची साल पॉलिश पेपरने खरवडायची. मग दोन्ही बाजूंना पातळ हात मारायचा. मग दहा-पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही. बोट लावलं तर बोटाला काही येता कामा नये. म्हणजे गोंद वाळल्यावर चिकटवायचं! घाई केली तर आतला द्रव उडून जायला वाट राहत नाही, फुगे धरतात आणि पट्टी सुटते. आणि एकदा टेकवलं की टेकवलं. 'जरा डावीकडे' असं म्हणायची सोय नाही. ती पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत उभा होतो. बँकेत लोकांना याहून जास्त वेळ उभं केलंय, हे तेव्हा आठवलं.

हाच गोंद एकदा आळीच्या गणपतीच्या मखराला लावला होता, थर्माकोलवर. २०१८च्या थर्माकोलबंदीच्या बऱ्याच आधीची गोष्ट. रबराच्या गोंदातला द्रव थर्माकोलला विरघळवतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. डोळ्यांदेखत खांबाला खड्डा पडला, खड्ड्याची गुहा झाली, आणि त्या वर्षी बाप्पा तीन खांबांच्या मखरात बसले.

आता उरली फट. तिला लांबी भरायची. लांबी म्हणजे खिडकीच्या काचेला लावायचे ती, खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळलेली, असं माझं ज्ञान. पेंटरने गॅरेजमध्ये मोटारींचे पोचे भरतात तो डबा दिला. राखाडी लगदा, आणि सोबत टूथपेस्टसारखी लाल क्रीमची छोटी ट्यूब. शंभर भाग लगद्याला दोन भाग क्रीम. हे प्रमाण मी बँकेतल्या माणसाच्या काटेकोरपणाने पाळणार होतो, पण मे महिना होता, दुपार होती, आणि लाल रंग नीट दिसेना म्हणून आणखी थोडी पिळली. फळीच्या कडा तिरक्या तासून घेतल्या होत्या, म्हणजे लांबीला धरायला जागा मिळते. पहिला फूटभर छान गेलं. दुसऱ्या फुटाला लगदा दह्यासारखा, त्यानंतर खरवसासारखा, आणि मग दगड. तो दगड आमच्या घरच्या उलथण्याला कायमचा चिकटला. बायको म्हणाली, "पाटी जोडायला नेलंत आणि याचीच जोडणी करून आणलीत." उलथणं आता बागेत आहे.

दुसऱ्या घाण्याला पेंटर स्वतः आला. लिंबाएवढाच गोळा घेतला, सनमायकाच्या तुकड्यावर दोन-चार वेळा पत्तीने दाबून फिरवला आणि एका ओढीत फट भरली, थोडा उंचवटा ठेवून. "वाळताना बसते काका, आज सपाट दिसली तर उद्या खड्डा." दुसऱ्या दिवशी आधी १२०चा पॉलिश पेपर, मग २२०चा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या आकाराचे खड्डे पडतात. मला वाटलं, झालं. जोड दिसतच नव्हता. पेंटरने डोळे मिटले आणि तळहात फळीवरून सावकाश आडवा नेला. एका जागी थांबला. "इथं आहे अजून." मीही डोळे मिटून हात फिरवला, मला काही लागलं नाही. मग त्याने मोबाईलचा टॉर्च फळीला अगदी टेकवून तिरका मारला, आणि केसाएवढी सावली पडली. पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. दोन फुटांच्या जोडाला दोन दिवस, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून.

पेंटर चहा पिताना सांगत होता, की २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा मोठ्या शहरांतल्या त्याच्या भावकीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मराठी अक्षर दुसऱ्या भाषेहून लहान चालत नाही, म्हणून जुन्या बोर्डाला वरून पट्ट्या जोडल्या गेल्या. घाईत कोण लांबी भरतो? त्यातल्या काही पट्ट्या मी पाहिल्यात. नियम पाळलाय, जोड उघडा आहे. मला तरी त्या प्रामाणिक वाटल्या.

रंग झाला. अक्षरं आली. 'वाचनालय' एक तुकडा, 'व' एक, 'ग्रंथसंग्रहालय' एक. शिरोरेघेमुळे अख्खा शब्द अखंड हातात येतो, ही तिचीच दुसरी बाजू. सुटे फक्त दोन, दोन्ही अनुस्वार. नव्या शर्टाबरोबर जादा बटण देतात तसे ते छोट्या पिशवीत घालून दिले होते. टिंब लहान, गोंदाला जागा कमी, तेव्हा तिथे साल चांगली खरवडा, असं पेंटरने बजावलं होतं. पहिल्याला खरवडली. दुसऱ्याच्या वेळी जेवायला बोलावणं आलं.

पाटी चढवतानाही त्याने एक सांगितलं होतं. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा, टोकाचे स्क्रू आवळू नका, शीटला हलायला जागा हवी. मला सैल काम आवडत नाही. मी सगळे आवळले.

डिसेंबरात थंडी पडली. बारा फुटांचा सनबोर्ड वीस अंशांच्या फरकाने चार-पाच मिलिमीटर आखडतो, म्हणजे जेमतेम कोलमचा एक दाणा. पण दोन्ही टोकं मी जखडून ठेवलेली. मागच्या पट्टीचा रबराचा गोंद थोडा ताणला गेला, पुढचं भरण ताणलं जाईना. पाटीची लांबी घटली आणि लांबी फुटली. 'व'च्या लगेच पुढे एक बारीक उभी रेघ आली आहे. लांबून दंड दिल्यासारखी दिसते, जणू 'वाचनालय व' एवढंच म्हणून कोणी थांबलंय. मास्तर रोज संध्याकाळी तिच्याकडे बघून मान हलवतात.

त्याच सुमारास 'सं'वरचं टिंब पडलं. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले हे मला मान्य आहे, पण हा उच्चारला जाणारा होता. ग्रंथपालांना तो पन्हाळीत सापडला. सध्या देवघेवीच्या टेबलाच्या उजव्या खणात, रबरी शिक्क्यांशेजारी आहे.

रबराचा गोंद उरलेला आहे, पॉलिश पेपर आहे, लांबीचा अर्धा डबा आहे आणि या वेळी पंधरा मिनिटं थांबायची माझी तयारीही आहे. शिडी नाही. कोणाकडे बारा फुटी शिडी असेल तर कृपया ग्रंथपालांना कळवावे. वेळ सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. सोमवारी 'ग्रंथसग्रहालय' बंद असते.